छोट्या विमानाने डोंगरात जाताना: डेन्व्हर ते लेडव्हिल, टप्प्याटप्प्याने

उन्हाळा आला की डेन्व्हरजवळच्या फ्लाइंग क्लबांत भाड्याचं सेसना घेऊन 'जरा डोंगरात चक्कर मारून येऊ' म्हणणारे आपले लोक हमखास भेटतात. कुणी बारामती किंवा धुळ्याला तास भरून आलेला, कुणी टेक्सासमध्ये लायसन्स काढलेला. हात चांगला बसलेला असतो, पण सगळा सराव सपाटीवरचा. मग चुकाही ठरलेल्याच होतात: वजन पूर्ण, वेळ दुपारची, जीपीएसवर सरळ रेघ, आणि दरीच्या मधोमध उड्डाण.

हा लेख त्या चुकांचा क्रम मोडण्यासाठी आहे. उदाहरण म्हणून सेंटेनियल विमानतळ (५,८८५ फूट) ते लेडव्हिल (९,९३४ फूट) हा मार्ग आणि सेसना १७२एस हे विमान घेतलं आहे. लेडव्हिल हा अमेरिकेतला सगळ्यात उंच सार्वजनिक विमानतळ. तिथे उतरलं की एक छापील प्रमाणपत्रही मिळतं, आणि माझ्या मते निम्मे अपघात टाळायचे तर ते आधी बंद करायला हवं.

टप्पा १: आधी शिक्षक

डोंगराचं उड्डाण शिकवणारा स्थानिक इन्स्ट्रक्टर घ्या. एक सकाळ जमिनीवरच्या अभ्यासाला आणि एक उड्डाणाला, इतकं तरी किमान. बहुतेक क्लब त्याशिवाय विमान डोंगरात नेऊच देत नाहीत. ज्याचा देत नसेल त्याच्याशी हुज्जत घालू नका.

हा लेख त्या प्रशिक्षणाच्या आधी वाचायचा आहे, त्याच्याऐवजी नाही.

टप्पा २: विमानाचं गणित, आदल्या रात्री

कळसूबाईचं शिखर ५,४०० फुटांवर आहे. डेन्व्हर शहरच ५,२८० फुटांवर. म्हणजे इथे तुम्ही महाराष्ट्राच्या माथ्याच्या उंचीवरून टेकऑफ करता आणि तिथून पुढे डोंगर सुरू होतात. विमानाला मात्र समुद्रसपाटीपासूनची उंची कळत नाही. त्याला कळते हवेची घनता, आणि ती उन्हाने आणखी घटते.

हिशेब तोंडी करता आला पाहिजे. प्रमाणित तापमान समुद्रसपाटीला १५ अंश, आणि दर हजार फुटांना २ अंशांनी कमी. प्रत्यक्ष तापमान त्यापेक्षा जितके अंश जास्त, त्याला १२० ने गुणा आणि उंचीत मिळवा. आली डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या घनतेप्रमाणे विमानाला जाणवणारी उंची.

लेडव्हिलला प्रमाणित तापमान उणे ५ अंशांच्या जवळ येतं. जुलैतल्या दुपारी तिथे २२ अंश असतील तर फरक २७ अंशांचा. त्याला १२० ने गुणलं की ३,२४० फूट. डेन्सिटी अल्टिट्यूड झाली सुमारे १३,२०० फूट.

आता पीओएच, म्हणजे विमानाची अधिकृत पुस्तिका, उघडा. १७२एसची सर्व्हिस सीलिंग पूर्ण वजनाला १४,००० फूट आहे, आणि सर्व्हिस सीलिंग म्हणजे जिथे विमान मिनिटाला जेमतेम १०० फूट चढतं ती उंची. तेव्हा त्या दुपारी पूर्ण भरलेलं विमान लेडव्हिलच्या धावपट्टीवर उभं असतानाच आपल्या मर्यादेच्या ८०० फूट खाली असतं. टर्बो नसलेलं १८० अश्वशक्तीचं इंजिन तिथे साधारण ११०-११५ अश्वशक्ती देतं. धावपट्टी ६,४०० फूट लांब आहे, त्यामुळे चाकं सुटतील. प्रश्न पुढचा आहे.

सकाळी सातला ५ अंश असतील तर हाच आकडा ११,१०० च्या आसपास येतो. तेच विमान आणि तीच धावपट्टी, पण दोन हजार फुटांचा फरक फक्त घड्याळाने पडला.

आता वजन. १७२एसचं कमाल वजन २,५५० पौंड. डोंगरासाठी त्यातून १० टक्के वजा करा, म्हणजे २,३०० च्या आसपास राहा. रिकामं विमान साधारण १,६८० पौंड धरा (तुमच्या विमानाचा नेमका आकडा त्याच्या कागदांत असतो), पूर्ण इंधन ३१८, आणि दोन मोठी माणसं ३४०. बेरीज २,३३८ झाली. सामान अजून धरलेलंच नाही. याचा सरळ अर्थ: दोन माणसं, थोडं कमी इंधन आणि हातात मावेल इतकी पिशवी. 'आईबाबा भारतातून आलेत, चौघं जाऊन येऊ' हा बेत या विमानात बसत नाही. त्यांना डेन्व्हरच्या पूर्वेला सपाटीवर फिरवून आणा.

११ एप्रिल १९९६ रोजी वायोमिंगमधल्या शायेन विमानतळावरून, सहा हजार फुटांच्या वर, एक सेसना १७७बी भर पावसात आणि झोतांच्या वाऱ्यात उडालं. वजन मर्यादेच्या वर होतं. सात वर्षांच्या मुलीकडून अमेरिका पार करवण्याचा विक्रम करायचा होता, त्यामुळे वेळापत्रक पाळायची घाई होती. विमान चढता चढताच स्टॉल होऊन (वेग कमी पडून पंखांची उचल जाऊन) कोसळलं आणि तिघेही गेले. वजन, उंची, हवामान आणि घाई यांतली एकेक गोष्ट कदाचित निभावली असती.

*तपासा:* निघायची, खिंडीवरची आणि उतरायची अशी तिन्ही ठिकाणची डेन्सिटी अल्टिट्यूड कागदावर लिहिली का? १२,५०० फुटांवर ५ अंश असतील तर तिथला आकडा १४,३०० येतो. पूर्ण वजनाचं विमान तिथे जवळजवळ चढतच नाही.

टप्पा ३: मार्ग वाकडाच आखा

सेंटेनियलहून लेडव्हिलला सरळ रेघ मारलीत तर ती मॉस्किटो रेंजवरून जाते. तिथले माथे १३ ते १४ हजार फुटांचे आहेत. ती रेघ पुसून टाका.

पहिल्या वेळी हायवे २८५ धरून नैऋत्येला जा. केनोशा पास, उंची १०,००० फूट, हा या मार्गावरचा सगळ्यात उंच टप्पा. तो ओलांडला की साउथ पार्कचं विस्तीर्ण पठार लागतं. फेअरप्लेवरून दक्षिणेला वळा, साडेनऊ हजारांच्या आसपासचा ट्राउट क्रीक पास घ्या आणि ब्यूना व्हिस्टाकडे उतरा. तिथून आर्कान्सा नदी धरून उत्तरेला लेडव्हिल. लांबचा रस्ता आहे. पण खाली जवळजवळ सगळीकडे रस्ता किंवा कुरण आहे आणि वळायला भरपूर जागा आहे.

शेवटच्या पट्ट्यात एक मेख आहे. ब्यूना व्हिस्टा ते लेडव्हिल या तीसेक मैलांत खोऱ्याचा तळ दोन हजार फूट चढतो. डावीकडे माउंट एल्बर्टची १४,४०० फुटांवरची रांग, उजवीकडे मॉस्किटो. उंची कायम ठेवून उडत राहिलात तर जमीन तुमच्याकडे वर येत राहते आणि ते पटकन लक्षात येत नाही.

रस्त्यावर भरवसा ठेवा, पण आंधळा नको. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा आय-७० क्लिअर क्रीकच्या अरुंद खोऱ्यातून चढत जातो आणि ११ हजार फुटांवर आयझेनहॉवर बोगद्यात शिरतो. विमानाला बोगदा नाही. २ ऑक्टोबर १९७० रोजी, हा बोगदा सुरू होण्याच्या आधी, विचिटा स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल संघ घेऊन निघालेलं मार्टिन ४०४ याच खोऱ्यात शिरलं. प्रवाशांना देखावा दिसावा म्हणून हा मार्ग घेतला होता. पुढची जमीन विमानाच्या चढण्यापेक्षा वेगाने चढली, वळायला जागा उरली नाही, आणि सिल्व्हर प्लूमजवळ ते डोंगरावर आदळलं. ३१ जण गेले. ते दोन इंजिनांचं मोठं विमान होतं. तुमच्याकडे एक इंजिन आहे.

दरीत जायचंच असेल तर वरच्या टोकाकडून शिरा आणि उताराच्या दिशेने उडा. खालच्या तोंडातून आत शिरून वर चढत जाणं हा या विषयातला सगळ्यात जुना सापळा आहे. दुसरं म्हणजे वरून सगळी खोरी सारखीच दिसतात. कुठल्या गावानंतर कुठल्या बाजूला वळायचं ते नकाशावर पेनाने लिहा. टॅब्लेट उन्हात तापून बंद पडतो, कागद पडत नाही.

टप्पा ४: हवामान आणि 'आज नाही' म्हणायचे आकडे

विमानतळावरचा वारा पाहून ठरवू नका. माथ्याच्या उंचीवरचा वारा पाहा, म्हणजे ९,००० आणि १२,००० फुटांचा विंड्स अलॉफ्ट अंदाज. अमेरिकी एआयएमचा (वैमानिकांसाठीच्या सरकारी माहितीपुस्तिकेचा) सल्ला असा की उडायच्या उंचीवर वारा ताशी ३५ मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ३० नॉट्सपेक्षा जास्त असेल तर हलकं विमान डोंगरात नेऊ नये. नवख्यासाठी तो आकडा मला सैल वाटतो. १२,००० फुटांवर २० नॉट्सपर्यंत जा, २५ दिसले की बेत रद्द. खिंडीत वारा दाटून येतो आणि अंदाजापेक्षा बराच जास्त भरतो.

अमेरिकेत कितीतरी खिंडींत ऑटोमॅटिक हवामान केंद्रं आहेत. कोलोरॅडोत मोनार्क पास, विल्करसन पास, कॉपर माउंटन अशी बरीच. वाटेतलं केंद्र फोनवर ऐका आणि नंतर रेडिओवर पुन्हा ऐका. दोन्हींत मोठा फरक असेल तर हवा बदलते आहे.

वेळ: उन्हाळ्यात उजाडताच निघा आणि अकराच्या आत उतरून विमान बांधून ठेवा. दुपारी गडगडाटी ढग जवळजवळ रोजच उठतात.

ढग: माथ्याच्या पलीकडे भिंगासारखे गुळगुळीत ढग एकाच जागी थांबलेले दिसले तर वर माउंटन वेव्ह, म्हणजे डोंगरावरून येणाऱ्या वाऱ्याची लाट, आहे. त्यांच्या खाली फाटक्या कापसासारखा गरगरणारा ढग असेल तर तो रोटर, आणि छोट्या विमानाचं तिथे काहीही काम नाही.

खिंड ढगाने झाकली असेल तर ती बंद आहे. 'जरासं खालून जाऊ' हा विचार आला की मागे वळा. २९ मे २०२२ रोजी नेपाळमध्ये पोखरा-जोमसोम मार्गावरचं ट्विन ऑटर मुस्तांग जिल्ह्यात डोंगरावर आदळलं. २२ जण गेले, त्यांत ठाण्याच्या एका कुटुंबातले चौघे होते. वैमानिक त्याच वाटेने नेहमी जाणारे होते. ढगात शिरल्यावर मार्ग सुटला, आणि चौकशी अहवालाप्रमाणे जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा बंद करून ठेवलेली होती. डोंगरात असताना कुठलाही इशारा 'उगाच वाजतो' म्हणून बंद करू नका.

टप्पा ५: इंजिन सुरू करण्याआधी आणि धावपट्टीवर

उबदार जॅकेट, पाणी, टॉर्च, शिट्टी, आरसा आणि प्रथमोपचार यांतलं जितकं जमेल तितकं अंगावरच्या खिशांत ठेवा. मागच्या बॅगेत ठेवलेलं सामान अपघातानंतर हाताशी असेलच असं नाही. जुलैतही या उंचीवर रात्री पाणी गोठू शकतं.

प्राणवायू: नियम सांगतो की १२,५०० फुटांच्या वर आणि १४,००० पर्यंत ३० मिनिटांपेक्षा जास्त राहिलात तर वैमानिकाने प्राणवायू घ्यायचा, आणि १४,००० च्या वर पूर्ण वेळ. पुण्याहून परवाच आलेल्या माणसाने इतकी वाट पाहू नये. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर जवळ ठेवा. मेंदूला प्राणवायू कमी पडला की आधी छान वाटायला लागतं, म्हणून स्वतःच्या अंदाजावर विसंबू नका.

मिक्श्चर (इंजिनात जाणारं हवा-इंधनाचं मिश्रण): समुद्रसपाटीला शिकलेल्यांची ही सगळ्यात पक्की सवय, आणि इथे सगळ्यात घातक. टेकऑफला लाल नॉब पूर्ण आत ढकलला की इंजिन जास्त इंधनाने घुसमटतं. ब्रेक धरून थ्रॉटल पूर्ण द्या, आरपीएम सगळ्यात जास्त होईपर्यंत मिक्श्चर लीन करा, म्हणजे इंधन कमी करा, आणि मग पीओएच सांगेल तितकं किंचित आत घ्या.

धावपट्टीचा मध्य कुठे येतो ते आधी ठरवा. एखादा टॅक्सीवे, एखादा फलक. तिथे पोचेपर्यंत रोटेशनच्या (नाक उचलायच्या) वेगाच्या ७० टक्के वेग आला नसेल तर थ्रॉटल मागे. तेव्हा विचार करत बसायचं नाही, विचार आधीच झालेला आहे.

*इशारा:* फ्लाइट प्लॅन फाइल करा आणि रेडिओवर तो उघडून घ्या. मार्गात खिंडींची नावं लिहा. फक्त 'सेंटेनियल ते लेडव्हिल' लिहिलंत तर शोधणारे त्या पुसलेल्या सरळ रेघेवर शोधतील.

टप्पा ६: खिंड ओलांडणं

सगळी तयारी या पाच-सात मिनिटांसाठी असते.

चढणं आधी संपवा. खिंडीच्या तीनेक मैल अलीकडे तुम्ही तिच्या किमान १,००० फूट वर असायला हवं, वारा २० नॉट्सच्या जवळ असेल तर २,००० फूट. 'जाता जाता चढू' म्हणू नका. उंची कमी पडत असेल तर सपाटीवरच गोल गोल फिरून चढा आणि मग डोंगराकडे तोंड करा.

इथे वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा असतो. डेन्व्हरहून पश्चिमेला जाताना तुम्ही रिजच्या (डोंगराच्या धारेच्या) आडोशाच्या बाजूने येता, आणि माथ्यावरून सांडणारी हवा तुम्हाला रिजच्या अलीकडेच खाली दाबते. मिनिटाला १,५०० ते २,००० फुटांचे डाउनड्राफ्ट तिथे नवलाचे नाहीत. तुमचं विमान त्या उंचीवर फार तर ३००-४०० फूट चढतं. वजाबाकी तुम्हीच करा. परतताना उलट: पाठीशी वारा, रिजपर्यंत सगळं सुखाचं आणि ओलांडल्यावर धक्के.

रिजवर काटकोनात जाऊ नका. ४५ अंशांच्या तिरकस रेषेने जा. मग बेत बदलला तर ९० अंश वळलं की तुम्ही उताराकडे निघता. समोरून सरळ गेलात तर पूर्ण १८० अंश वळावं लागतं, तेही डोंगराकडे सरकत सरकत.

खोऱ्यात मधोमध उडू नका. एका कडेला राहा, म्हणजे वळायला पूर्ण रुंदी हाताशी राहते. वारा खोऱ्याला आडवा असेल तर ज्या उतारावर तो आदळून वर चढतो ती बाजू घ्या. तिथे हवा उचलून धरते, आणि वळताना तुम्ही वाऱ्याकडे वळता, त्यामुळे वळण आखूड होतं.

*तपासा:* खिंडीच्या काठावर नजर ठेवा आणि काठापलीकडची जमीन पाहा. जवळ जाल तसं पलीकडचं जास्त जास्त दिसत गेलं, आधी लांबचे डोंगर, मग त्यांच्या पायथ्याची झाडी, मग रस्ता, तर तुम्ही काठाच्या वर आहात. दिसणारी झाडी काठाआड बुडू लागली तर विमान खाली जात आहे, अल्टिमीटर काही सांगो. त्याच क्षणी वळा.

डोळ्यांचा दगाही ओळखून ठेवा. समोर चढती जमीन असली की डोळा तिच्या माथ्याला क्षितिज समजतो आणि हात नकळत नाक वर करतो. वेग उतरत जातो. दर काही सेकंदांनी एअरस्पीड बघा.

टप्पा ७: हवा खाली ओढायला लागली तर

थ्रॉटल पूर्ण, मिक्श्चर योग्य, वेग सर्वोत्तम चढाईचा, आणि नाक उतरत्या जमिनीकडे. एवढंच. योक ओढून उंची राखायचा प्रयत्न केलात तर खाली जातच राहाल आणि वर स्टॉलही पदरात पडेल. खाली येणारी हवा जमिनीत शिरत नाही, तळाला ती पसरते, तेव्हा उताराकडे निघालेल्या विमानाला बहुधा सुटका सापडते. ती जागा तुम्ही ४५ अंशांनी येऊन राखून ठेवली असेल तरच.

टप्पा ८: अरुंद जागेत परत वळणं

वळणाचा व्यास खऱ्या वेगाच्या वर्गावर ठरतो. ३० अंशांच्या बँकला (विमान कलवण्याला) खरा वेग १२० नॉट्स असेल तर १८० अंश वळायला सुमारे ४,४०० फूट रुंदी लागते. वेग ९० वर आणला तर २,५०० फूट. आणि ९० नॉट्सलाच बँक ४५ अंश केला तर १,४५० च्या आत. म्हणून खोऱ्यात शिरण्याआधीच वेग कमी करून ठेवायचा.

बँक वाढवायची किंमत आहे: ४५ अंशांना स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. हे वळण इन्स्ट्रक्टरसोबत, भरपूर उंचीवर, फ्लॅप किती आणि पॉवर किती हे त्या विमानासाठी ठरवून घोटून घ्या. दरीत पहिल्यांदा करून पाहायची ही गोष्ट नाही.

टप्पा ९: उतरणं

दाखवलेला वेग नेहमीचाच ठेवा. पीओएच ६१ नॉट्स म्हणत असेल तर लेडव्हिललाही ६१. पण १३,२०० च्या डेन्सिटी अल्टिट्यूडला तो खरा वेग ७५ होतो, त्यामुळे जमीन भरभर पळताना दिसते. ते पाहून नाक वर करून वेग कमी करण्याचा मोह होतो. एअरस्पीडवर विश्वास ठेवा. धावपट्टी जास्त खर्च होणार हे गृहीत धरा.

उतरण्याच्या चेकलिस्टमध्ये मिक्श्चर रिच लिहिलेलं असतं. इथे ते लीनच ठेवा, गो-अराउंडला (उतरणं सोडून पुन्हा चढायला) लागेल तितकं. आणि गो-अराउंड करायचंच तर लवकर, उंच असतानाच ठरवा. धावपट्टीवर टेकता टेकता सुचलेला गो-अराउंड या हवेत चढेलच असं नाही.

टप्पा १०: परतीचं टेकऑफ, आणि फोन

अकराला उतरलात, जेवलात, गाव पाहिलंत आणि दोनला परत निघायचं ठरवलंत तर पहाटेपासून केलेलं सगळं वाया गेलं. टप्पा २ मधला १३,२०० चा आकडा दुपारी दोनचाच आहे. सकाळी साडेआठच्या आत परत निघा, नाहीतर मुक्काम करा. सोमवारी ऑफिस आहे हे कारण शनिवारीच विचारात घ्या आणि एक रात्र हातात ठेवा.

भाड्याच्या विमानात ईएलटी (अपघातानंतर आपोआप संदेश पाठवणारं यंत्र) कुठला आहे तेही विचारून ठेवा. १२१.५ मेगाहर्ट्झच्या जुन्या ईएलटीचे संदेश उपग्रह १ फेब्रुवारी २००९ पासून ऐकत नाहीत. ४०६ मेगाहर्ट्झचा नसेल तर स्वतःचा पीएलबी (खिशात मावणारं तसंच यंत्र) खिशात ठेवा. तसंच, कुठे उतरावं लागलं तर विमान सोडून चालत निघू नका. जंगलात माणसापेक्षा विमान वरून सहज दिसतं.

उतरलात की फ्लाइट प्लॅन बंद करा. तो आपोआप बंद होत नाही. दिलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासाने तुमची विचारपूस सुरू होते. विमान बांधायच्या आधी १-८००-डब्ल्यूएक्स-ब्रीफला (फ्लाइट प्लॅनच्या फोनसेवेला) फोन लावा.